पवनेच्या पाण्यात तुंग उलटा का दिसत नाही? आणि भटकंतीतल्या फोटोंचे आणखी काही प्रश्न

पाऊस ओसरला, डोंगर अजून हिरवे आहेत आणि उजनीच्या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरायला लागतील. या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: डोळ्यांना जे दिसलं ते फोटोत उतरलं नाही. त्यापुढे अनेकांनी विचारलंय, कॅमेरा बदलू का? खाली निवडलेल्या एकाही पत्राचं उत्तर नवा कॅमेरा हे नाही. कुठे उभं राहायचं, किती वाजता आणि सूर्य कुठल्या अंगाला ठेवून, यावरच बरंचसं ठरतं.

पवना धरणाच्या काठावरून तुंगचं पाण्यातलं प्रतिबिंब टिपायचं आहे. जानेवारीत दोनदा गेलो, साडेआठपर्यंत पोचलो होतो. दोन्ही वेळा पाण्यावर लहरी, डोंगर काळपट आणि प्रतिबिंब जवळजवळ नाहीच. पोलरायझरही लावला होता. १८-५५ लेन्स आहे.
– एक वाचक, निगडी

साडेआठ म्हणजे उशीर झाला. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तो वर आला की जमीन तापते, पाणी थंडच राहतं आणि वारा सुटतो. पाणी सगळ्यात निवांत असतं ते उजाडण्याआधीच्या अर्ध्या तासापासून सूर्योदयानंतरच्या तासाभरापर्यंत. म्हणजे सव्वासहाला काठावर ट्रायपॉड उघडलेला हवा. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा घाटावरून सतत वाहत असतो, तेव्हा आरशासारखं पाणी मिळालंच तर अर्ध्या मिनिटापुरतं.

तरीही सगळं धरण शांत असण्याची गरज नसते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. डोंगराचं टोक पाण्याच्या पातळीपासून ४५० मीटर उंच आणि तुमच्यापासून ३ किलोमीटर दूर आहे असं धरा. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटरवर असेल तर त्या टोकाचं प्रतिबिंब तुमच्यापुढे साधारण १० मीटरवरच्या पाण्यात पडतं. तोच कॅमेरा ३० सेंटिमीटरवर आणला, तर अवघ्या २ मीटरवर. म्हणून ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून कॅमेरा खाली आणा आणि जिथे काठ आत वळलाय, दगडांचा आडोसा आहे किंवा झुडपांनी वारा अडवलाय, अशी छोटी खोबण शोधा. मधल्या पाण्यावर लहरी असल्या तरी शिखर तुमच्या पुढ्यातल्या त्या खोबणीत स्वच्छ उतरतं. फक्त डोंगराच्या पायथ्याजवळचा भाग विस्कटलेला दिसतो आणि तो चालून जातो.

डोंगर काळा का आला? तुंग पाण्याच्या पश्चिम अंगाला आहे, तिकोना पूर्वेकडच्या. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहिलात तर ऊन तुमच्या पाठीमागून येऊन थेट तुंगच्या सुळक्यावर पडतं. संध्याकाळी उलट करा, पश्चिमेच्या काठावर जाऊन तिकोन्याकडे तोंड करा. तुम्ही सकाळी सूर्याच्या बाजूलाच कॅमेरा धरला असेल तर डोंगर काळाच येणार. जागा बरोबर असूनही काळा आला, तर मग कॅमेऱ्याने फिकट आकाशाकडे बघून एक्स्पोजर कमी धरलं. प्रतिबिंब प्रत्यक्ष दृश्यापेक्षा साधारण एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाइतकं, गडद असतं, त्यामुळे आकाश सांभाळायला गेलं की पाणी आणखी बुडतं. दोन स्टॉपचा ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली साधी काच) पुरेसा आहे. तीन स्टॉपचा लावला की प्रतिबिंब आकाशापेक्षा फारच उजळ होतं आणि फोटो खोटा वाटायला लागतो. फिल्टर नसेल तर ट्रायपॉड न हलवता एक फोटो आकाशासाठी, एक डोंगर-पाण्यासाठी काढा आणि घरी जोडा.

पोलरायझर मात्र काढून ठेवा. पाण्यावरची चकाकी घालवणं हे त्याचं काम, आणि प्रतिबिंब म्हणजे तीच चकाकी.

फोकसची एक गफलत नेहमी होते. पाण्याच्या पृष्ठभागावर फोकस केला की प्रतिबिंब मऊ येतं, कारण कॅमेऱ्याच्या लेखी प्रतिबिंब डोंगराइतकंच दूर असतं. फोकस डोंगरावर करा. पुढ्यातले गोटेही टोकदार हवे असतील तर १८ मिलिमीटरला एफ/८ ठेवून साधारण २ मीटरवर फोकस करा. एपीएस-सी सेन्सरवर (१८-५५ लेन्सबरोबरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असतो तो) १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, तिथे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि सगळाच फोटो मऊ पडतो. आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. काठाच्या गाळात ट्रायपॉड हळूहळू रुततो आणि अर्ध्या सेकंदाच्या फोटोतसुद्धा ते दिसतं, म्हणून पाय दाबून आधी बसवून घ्या. पाण्यात उतरायचं नाही. धरणाचा काठ दोन पावलांवर एकदम खोल होतो आणि गाळ पाय धरून ठेवतो.

१०-१८ लेन्सवर पोलरायझर लावला की आकाशात एका बाजूला गडद निळा डाग पडतो. फिल्टर खराब आहे का?
– एक वाचक, कोथरूड

फिल्टर चांगला आहे. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाच्या पट्ट्यातलाच प्रकाश सगळ्यात जास्त ध्रुवित असतो. १० मिलिमीटरला तुमची लेन्स शंभराहून जास्त अंशांचं आकाश घेते, म्हणजे तो पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं साधं आकाश एकाच चौकटीत येतं. अंगठा सूर्याकडे करा आणि तर्जनी त्याला काटकोनात धरा. मनगट फिरवलं की तर्जनी जिथे जिथे जाते तिथे तो पट्टा असतो. तो चौकटीत येत असेल तर पोलरायझर अर्धवटच फिरवा, किंवा २४ मिलिमीटरच्या पुढच्या लेन्सला वापरा.

पुण्यात या फिल्टरचा खरा उपयोग निळ्या आकाशासाठी नाही, पावसाळ्यातल्या हिरव्यासाठी आहे. ताम्हिणीत ढगाळ दिवशी ओल्या पानांवर, खडकांवर आकाशाची पांढरट झाक बसलेली असते. ती निघाली की हिरवा रंग खोल होतो. शिवाय फिल्टर दीड स्टॉपच्या आसपास प्रकाश खातो, त्यामुळे ओढ्यासाठी हवा तो पाव ते एक सेकंदाचा शटर एफ/११ आणि आयएसओ १०० वर आपोआप मिळतो. उथळ पाण्याचा तळ दाखवायचा असेल तर पाण्याकडे साधारण ३५ ते ४० अंश खाली बघत फोटो घ्या. त्या कोनात चकाकी जवळपास पूर्ण जाते. दूरच्या पाण्यावर कितीही फिरवला तरी फारसा फरक पडत नाही.

सिंहगडावरून राजगड-तोरणा नुसते धुरकट निळे दिसतात. यूव्ही फिल्टर घेतला, उपयोग नाही. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीहेझ (धुरकटपणा घालवायची पट्टी) पूर्ण ताणलं तर आकाश घाण होतं.
– एक वाचक, सिंहगड रस्ता

यूव्ही फिल्टरचा उपयोग फिल्मच्या काळात होता. डिजिटल सेन्सरपुढची काच ते काम आधीच करते, त्यामुळे आता तो फक्त लेन्सच्या पुढच्या काचेचं रक्षण करतो.

सिंहगडापासून राजगड सरळ रेषेत १५ किलोमीटरच्या पुढे आहे, तोरणा त्याहून थोडा लांब. एवढ्या हवेतले धूलिकण आणि बाष्प प्रकाश विखुरतात, त्यामुळे लांबचं सगळं फिकट आणि निळसर होतं. लेन्स कितीही महाग घ्या, मधली हवा तीच असते. हवा धुतलेली मिळते ती परतीच्या पावसाची सर येऊन गेल्यावर, ऑक्टोबरात, दुसऱ्या दिवशी सकाळी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत स्वच्छ दूरदृश्याचा नाद सोडलेला बरा.

धुरकटपणा वाईटच असतो असं मात्र नाही. तोच डोंगरांच्या रांगा एकमेकींपासून सोडवून दाखवतो. गडावरून बघितलं तर दोन्ही किल्ले नैऋत्येकडे येतात, तोरणा राजगडाच्या उजवीकडे. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला साधारण २५ अंश सरकून, तोरण्याच्या थोडा उजवीकडे मावळतो. जूनमध्ये तो पार वायव्येकडे गेलेला असतो. म्हणजे रांगांच्या सावल्यांचा फोटो हवा असेल तर डिसेंबर-जानेवारीची संध्याकाळ, कल्याण दरवाजाच्या अंगाला, ७०-२०० किंवा ७०-३०० लेन्स. सूर्यास्ताआधी वीस-पंचवीस मिनिटं आणि नंतर दहा. एक्स्पोजर उणे ०.७, व्हाइट बॅलन्स ऑटोवर न ठेवता डेलाइटवर. ऑटोवर कॅमेरा केशरी रंग दुरुस्त करायला जातो आणि सगळं करडं करून टाकतो.

डीहेझ १५ ते २५ च्या पुढे नेऊ नका. त्यापुढे डोंगराच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि आकाशातला नॉइज वर येतो. ब्रशने फक्त मधल्या रांगेवर लावा, शेवटची रांग फिकटच राहू द्या. आणि घाटरस्ता किती वाजेपर्यंत खुला आहे ते चढतानाच नाक्यावर विचारून घ्या.

माझ्याकडे फोनच आहे. रोज पहाटे वेताळ टेकडीवर जाते. मोर दिसतो, पण फोटोत ठिपका येतो. काही करता येईल का?
– एक वाचक, पाषाण

करता येईल, पण मोराचा क्लोजअप फोनकडून मागू नका. फोनची मुख्य लेन्स रुंद असते, ३० मीटरवरचा मोर तिच्यात लहानच येणार. बोटांनी चिमटीत झूम करणं म्हणजे तोच ठिपका फाडून मोठा करणं. तीन किंवा पाच पटीची वेगळी टेलिलेन्स असेल तर बरोबर त्या आकड्यावरच थांबा. अंधूक उजेडात बरेच फोन टेलिलेन्स बंद करून मुख्य लेन्सचाच तुकडा मोठा करून दाखवतात. खात्री करायला तीन पटीवर असताना टेलिलेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला नाही तर फोन फसवतोय, अजून उजाडू द्या.

मोर लहान ठेवूनच चौकट रचणं जास्त चांगलं. खडकावर किंवा वाळक्या फांदीवर बसलेला मोर, मागे उजळणारं आकाश. पडद्यावर आकाशाच्या जागी बोट दाबून धरा, एई-एएफ लॉक (उजेड आणि फोकस पक्का झाल्याची खूण) आलं की बोट खाली ओढून उजेड कमी करा. मोराची आकृती काळी, तुऱ्यासकट सुटून दिसते. सूर्य वर आल्यावर हे जमत नाही.

टेकडीवरच्या खाणीतल्या पाण्यासाठी एक युक्ती. फोन उलटा धरा म्हणजे लेन्स खालच्या कडेला येते, आणि ती पाण्यापासून चार बोटांवर न्या. पवनेबद्दल वर जे लिहिलंय तेच इथे लागू होतं, हातभर डबक्यातसुद्धा अख्खं झाड उतरतं. फोन मनगटाला दोरीने बांधलेला असू द्या.

घरात ८×४२ दुर्बीण असेल तर पाषाण तलावाच्या काठावर तिच्या एका डोळ्याला फोनची लेन्स टेकवून बघा. दुर्बिणीची रबरी कड आत मुडपायची, फोन अगदी सरळ धरायचा, थोडं झूम केलं की कडेचा काळा गोल जातो. निवांत बसलेला खंड्या किंवा राखी बगळा बरा येतो. उडता पक्षी सोडून द्या.

भिगवणला बोटीतून ७०-३०० ने दोनशे-अडीचशे फोटो काढले. रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगो) एकही टोकदार नाही. सगळे म्हणतात लेन्स बदल. गेलो होतो मार्चमध्ये, बोट साडेदहाला मिळाली.
– एक वाचक, हडपसर

बोटीची वेळ सांगितलीत, तिथेच निम्मं उत्तर आहे. मार्चमध्ये साडेदहाला पाण्यावरची आणि चिखलाच्या पट्ट्यावरची हवा तापून थरथरत असते. ३०० मिलिमीटर लेन्समधून शंभर-दीडशे मीटरवरचा पक्षी बघताना ती सगळी थरथर फोटोत येते. तिप्पट किमतीची लेन्स ती जास्तच स्पष्ट दाखवेल.

घरी बसून कारण ओळखता येतं. एकाच पक्ष्याचे सलग काढलेले चार-पाच फोटो १०० टक्के मोठे करून बघा. प्रत्येकात मऊपणा वेगळा असेल, एकात मान वाकडी, दुसऱ्यात पाय लाटेसारखे, तर ती तापलेली हवा. कडा एकाच दिशेने दुहेरी दिसत असतील तर हात किंवा बोट हललेली आहे. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचं किंवा मागचं पाणी टोकदार असेल तर फोकस चुकला. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी हे ठरवा.

हवेवर उपाय म्हणजे वेळ. पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवण साधारण १०० किलोमीटर. साडेचारला निघून कुंभारगावात किंवा डिकसळला पहिली बोट आदल्या दिवशीच सांगून ठेवा. साडेसहा-सातला पाण्यावर असलात तर नऊपर्यंत चांगली हवा मिळते. संध्याकाळी साडेचारनंतर पुन्हा बरी होते, पण सकाळइतकी नाही.

बोटीच्या हलण्यावर उपाय: ट्रायपॉड नकोच, इंजिनाची सगळी थरथर तो लेन्सपर्यंत पोचवतो. इंजिन चालू असताना कोपर बोटीच्या काठावर टेकू नका, त्याच कारणाने. बोटीच्या तळाशी बसा, गुडघे वर घ्या, कोपर गुडघ्यांच्या आतल्या बाजूला. त्याने हातही स्थिर राहतो आणि लेन्स पाण्याच्या जवळ येते, पक्ष्यामागचं पाणी लांब जाऊन छान पुसट होतं. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्षी वरून चपटा दिसतो.

शटर बसलेल्या पक्ष्याला १/१०००, उडत्या रोहितला १/१६००, कुरव (गल) आणि नदीसुरय (टर्न) यांच्यासाठी १/२०००. अ‍ॅपर्चर एफ/८, कारण या किमतीच्या बहुतेक ७०-३०० लेन्स ३०० च्या टोकाला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर मऊ असतात. आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ३२००. फोकस सतत चालणारा: निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो. फोकसचा बिंदू एकच किंवा छोटा गट, सगळे बिंदू चालू ठेवले की कॅमेरा पाण्यावरची चमक पकडतो.

पांढऱ्या पक्ष्यांवर खास लक्ष द्या. गडद पाण्यावर चमचा पक्षी किंवा बगळा असेल तर कॅमेरा पाणी उजळायला जातो आणि पिसं जळून कोरा कागद होतात. उणे ०.७ ते उणे १ लावा आणि हायलाइटचा इशारा (जळालेला भाग पडद्यावर लुकलुकतो तो) चालू ठेवा. तोच पक्षी आकाशात उडाला की उलटं, अधिक ०.७ ते १. पट्टकदंब हंसांचा थवा उडताना हे बदलायला वेळ नसतो, म्हणून ऊन स्थिर असेल तर मॅन्युअलवर आधीच बसवून ठेवा. पक्षी पाण्यावरून आकाशात गेला तरी त्याच्यावरचं ऊन तेवढंच असतं.

आता नावाड्याबद्दल. तिथले बहुतेक नावाडी मुळात मासेमारी करणारे आहेत आणि पाणी हाताच्या रेषांइतकं ओळखतात. निघण्याआधीच सांगा की थवा उडवून दाखवायचा नाही, आणि पैशांचा त्याच्याशी संबंध नाही. अनेक जण उडवायला सांगतात म्हणूनच ते उडवतात. सूर्य पाठीशी घेऊन, थव्याकडे सरळ न जाता तिरकं जायचं, शंभरेक मीटरवर इंजिन बंद, पुढे बांबूने. चरणाऱ्या रोहितांची डोकी पाण्यात असतात. डोकी वर येऊन माना ताठ झाल्या की तिथेच थांबा. सगळे एकाच दिशेने चालायला लागले तर तुम्ही आधीच जास्त जवळ गेलात, मागे व्हा. थांबलात तर पाच-दहा मिनिटांत डोकी परत खाली जातात आणि तेव्हाच खरे फोटो मिळतात. पळवलेल्या थव्याच्या फोटोत शेपट्या आणि पाठीच असतात. या पक्ष्यांना इथे खाऊन अंगात बळ साठवायचं असतं, दर अर्ध्या तासाला एक बोट त्यांना उडवत राहिली तर ते साठणार कधी?

भीमाशंकरला शेकरू दिसला. फोटोत पानांमागे पांढरं आकाश आणि शेकरूची काळी सावली. आयएसओ किती ठेवू?
– एक वाचक, मंचर

आयएसओ ३२०० ठेवा आणि काळजी करू नका, पण त्याने सावली जाणार नाही. दाट छताखालून वर बघितलं की आकाश चार-पाच स्टॉप उजळ असतं. अधिक १ ते अधिक १.७ एक्स्पोजर लावलं तर शेकरूचा तांबूस रंग येतो, आकाश मात्र जातं. खरा उपाय उतारावर आहे. पायवाटेवर वरच्या अंगाला सरका म्हणजे शेकरू तुमच्या डोळ्यांच्या पातळीला आणि त्याच्यामागे समोरच्या उताराची हिरवी झाडी येते. शटर किमान १/२५०. सकाळी सात ते नऊ, आधी कान द्या, त्याचा खडखडाट लांबून ऐकू येतो. फांद्यांत काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते घरटं आहे, त्याखाली थांबू नका.

सासवडच्या बाजूला माळावर लांडग्यांचे फोटो काढायला लोक कोंबड्यांची आतडी टाकतात, गाड्या गवतात घालतात. आम्हाला लांडगा बघायचा आहे, पण असं नको. रीत काय?
– दोन वाचक, कात्रज

असं विचारलंत याचं फार बरं वाटलं. पोल्ट्रीचा कचरा टाकला की आधी गावची कुत्री जमतात, मग लांडगा. कुत्र्यांकडून रेबीज आणि डिस्टेंपर हे जीवघेणे आजार लांडग्यांत जातात, आणि मोजकेच कळप असलेल्या माळावर एक साथ पुरे होते. शिवाय माणसाजवळ अन्न मिळतं हे शिकलेला लांडगा मेंढवाड्याजवळ यायला लागतो आणि धनगराशी वैर सुरू होतं. लांडगा आणि चिंकारा दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. असं काही दिसलं तर गाडीचा नंबर टिपून वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

गवतातून गाडी घातल्याने काय मोडतं ते सहज दिसत नाही. चंडोल, टिटवी, धाविक यांची अंडी उघड्या जमिनीवरच असतात, मातीच्या रंगाची. चाकाखाली गेलेलं कळतही नाही.

रीत सोपी आहे, फक्त धीर लागतो. वनखात्याची गवताळ सफारी कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे ऑनलाइन नोंदणीने मिळते, ठरलेल्या वाटा आणि स्थानिक गाइड. चिंकाऱ्यासाठी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य. गाडीतून उतरू नका. गाडीला प्राणी सरावलेले असतात, उभ्या माणसाची आकृती दिसली की पळतात. इंजिन बंद करा, नाहीतर फोटो हलतो. खिडकीच्या काचेवर बीन बॅग ठेवा. विकत घ्यायची गरज नाही: जुन्या जीन्सच्या पायाचा हातभर तुकडा, एक टोक शिवलेलं, आत दीड किलो मूग किंवा तांदूळ, दुसरं टोक शिवून टाकायचं. गच्च भरू नका, पाव भाग रिकामा हवा म्हणजे लेन्स आत बसते. काच अर्धी वर करून तिच्यावर खोगिरासारखी टाका.

लांडगा तुमच्याकडे बघत थबकला तर थांबा, पाठलाग नको. तो बहुधा चाललेल्या दिशेनेच पुढे जातो. रस्ता पुढे त्याच अंगाला वळत असेल तर बरंच पुढे जाऊन, इंजिन बंद करून वाट बघा, तो स्वतःहून समोरून येतो. थंडीत पिल्लांचा काळ असतो. एकच मादी त्याच त्या घळीत ये-जा करताना दिसली तर जवळ गुहा आहे असं समजा आणि निघा. त्या जागेचं लोकेशन कुणालाही पाठवू नका, आणि फोटो टाकताना जीपीएस काढून टाका.

पावसात तोरण्याला गेले होते. घरी आल्यावर लेन्सच्या आत धुकं दिसतंय. तांदळात ठेवू का?
– एक वाचक, धायरी

तांदळात नको, त्याची भुकटी झूमच्या खाचांत शिरते. हेअर ड्रायरही नको. बॅटरी आणि कार्ड काढा, लेन्स कॅमेऱ्यापासून वेगळी करा, दोन्ही टोपणं काढून रबरी कडेच्या घट्ट डब्यात २०० ग्रॅम सिलिका जेलबरोबर रात्रभर ठेवा. धुकं गेलं तर नुसती वाफ होती. मग टॉर्च तिरका धरून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स उघडून साफ करणाऱ्याकडे लगेच द्या. उशीर झाला की काचेवरचा थर कायमचा खरवडला जातो.

पुढच्या वेळेसाठी: एसी गाडीतून थेट पावसाळी हवेत कॅमेरा काढला की थंड काचेवर दव बसतं. पायथा यायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा, कॅमेरा पिशवीतच राहू द्या. जून ते ऑक्टोबर कॅमेरा फोमच्या बॅगेत ठेवूच नये, फोम ओल धरतो. डब्यात शंभर-दीडशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक टाका, ४० ते ५० टक्के असू द्या. ६० च्या वर बुरशीला आमंत्रण, ३० च्या खाली रबर आणि वंगण सुकतं. केशरी सिलिका जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. निळं मिळालं तर स्वयंपाकाच्या भांड्यांपासून लांब ठेवा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं.

खडकवासल्यावर ड्रोन उडवला तर चालेल का? माझा २५० ग्रॅमच्या आतला आहे.
– एक वाचक, वारजे

चालणार नाही. समोरच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे आणि धरणही संवेदनशील जागा. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे निर्बंध त्यालाही लागू असतात. कुठेही उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा बघा. अभयारण्यात वनखात्याची आणि लोहगडासारख्या संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी. उजनीवर पक्ष्यांच्या थव्यांवर ड्रोन अजिबात नेऊ नका. वरून येणारी सावली त्यांना शिकारी पक्ष्याची वाटते आणि अख्खा थवा एकदम उठतो.